वाळीत टाकलेला बिशप संत कसा झाला

आपल्याकडे कुणाला संत म्हणायचं हे कुणी कचेरीत बसून ठरवलेलं नाही. चोखोबांना किंवा जनाबाईंना संतपद देणारा हुकूम कधी निघाला नाही. लोक त्यांचे अभंग म्हणत राहिले, वारी चालत राहिली आणि ते संत झाले. कॅथलिक चर्चमध्ये मात्र संतपद मिळणं म्हणजे जवळजवळ एक खटलाच असतो. आधी अर्ज, मग चौकशी, साक्षी, उलटसुलट प्रश्न, कागदांची बाडं, आणि निकाल लागलाच तर कित्येक वर्षांनी.

मध्ययुगातल्या अशा एका खटल्याचे कागद आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. तो खटला होता इंग्लंडमधल्या हेरफर्डचे बिशप थॉमस डी कँटिलूप यांचा. ते ऑक्सफर्ड विद्यापीठाचे दोनदा चान्सलर होते आणि काही महिने इंग्लंडच्या राज्याचेही चान्सलर होते. पण जुलै १३०७ मध्ये पोपने नेमलेले तीन अधिकारी लंडनमध्ये चौकशीला बसले तेव्हा त्यांनी विद्वत्ता किंवा चमत्कार यांना आधी हात घातलाच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता: हा माणूस वाळीत असतानाच मेला का? कारण तसं असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं.

हा प्रश्न का आला हे समजायला थॉमस यांचं आयुष्य सुरुवातीपासून बघावं लागतं.

त्यांचा जन्म साधारण १२१८ चा, बकिंगहॅमशरमधल्या हँबलडन गावचा. घराणं बडं. वडील विल्यम हे राजा तिसरा हेन्री याच्या वाड्याचे मुख्य कारभारी. आई मिलिसेंट आधीच्या लग्नामुळे एव्ह्रूची काउंटेस. चुलते वॉल्टर वूस्टरचे बिशप. घरात तलवार आणि धर्मपीठ दोन्ही. लहानपणी या चुलत्यांनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? पोर म्हणालं, शिपाई. त्यावर वॉल्टर म्हणाले, होशील, पण राजांच्याही राजाचा. गोष्ट पुढे संतचरित्रासाठी बेतल्यासारखी वाटते खरी, पण थॉमस पुढे ज्या त्वेषाने भांडले तो बघितला की त्यांच्यातला शिपाई कुठे गेला नव्हता हे पटतं.

शिक्षण दीर्घ चाललं. ऑक्सफर्ड, मग पॅरिस, मग रोमन कायद्यासाठी ऑर्लेआँ, पुन्हा पॅरिस, आणि शेवटी चर्चच्या कायद्यातली डॉक्टरकी ऑक्सफर्डला. त्या काळी युरोपात शिकलेल्या माणसाची भाषा एकच, लॅटिन. त्यामुळे इंग्लंडचा विद्यार्थी फ्रान्समध्ये सहज शिकू शके. खर्च कसा भागत असे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या भांडणाचं एक मूळ तिथे आहे.

प्रत्येक गावच्या चर्चला जमीन असे, शेतकऱ्यांकडून धान्याचा दहावा हिस्सा येई. ते उत्पन्न त्या चर्चच्या धर्मगुरूचं. आपल्या शब्दांत हे वतनच. नियम असा की एका माणसाकडे एकच वतन असावं आणि त्याने तिथे राहून काम करावं. पण पोपने खास परवानगी दिली तर एकजण अनेक वतनं धरू शके आणि गावात स्वतःच्या जागी मुतालिक ठेवू शके. १२४५ मध्ये लियाँ शहरात चर्चची मोठी परिषद भरली, थॉमस आणि त्यांचा भाऊ ह्यू तिथे गेले आणि पोप चौथा इनोसेंट याच्याकडून थॉमस यांना ही परवानगी मिळाली. पुढे आयुष्यभर त्यांच्याकडे एकाहून अधिक वतनं होती. ते आपल्या गावांना भेटी देत, गरिबांना वाटत, चर्चच्या इमारती दुरुस्त ठेवत, असं साक्षीदारांनी सांगितलं आहे. तरी जिथलं खातो तिथे राहत नाही, हा आक्षेप शिल्लक राहतोच, आणि मला तो बरोबर वाटतो.

१२६१ मध्ये ते ऑक्सफर्डचे चान्सलर झाले. या शब्दापाशी मराठी वाचकाचा गोंधळ होतो. आपल्याकडे राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती, आणि रोजचा गाडा ओढतात कुलगुरू. तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्डचा चान्सलर हा कुलगुरू, परीक्षा नियंत्रक आणि न्यायाधीश असा तिन्ही एकत्र होता. शिकवण्याचा परवाना तो देई. विद्यार्थ्यांचे खटले त्याच्यापुढे चालत.

विद्यार्थ्यांचे खटले वेगळे का? कारण विद्यार्थी म्हणजे धर्मसेवकांच्या वर्गातला माणूस मानला जाई. त्याला गावच्या न्यायालयात उभं करता येत नसे. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका बाईचा खून झाला, संशयित विद्यार्थी पळाला, आणि चिडलेल्या गावाने त्याच्या सोबत्यांना पकडून फाशी दिलं. शिक्षक आणि विद्यार्थी शहर सोडून निघून गेले. त्यातले काही केंब्रिजला गेले, आणि तिथे दुसरं विद्यापीठ उभं राहिलं. पाच वर्षांनी, १२१४ मध्ये, पोपच्या दूताने तडजोड घडवून आणली. विद्यार्थ्यांचं घरभाडं दहा वर्षं निम्मं करायचं, आणि यापुढे पकडलेला विद्यार्थी बिशपच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या ताब्यात द्यायचा. ऑक्सफर्ड ज्यांच्या हद्दीत येई ते लिंकनचे बिशप दूर राहत. म्हणून त्यांच्या वतीने जागेवर बसणारा अधिकारी हवा होता. तोच चान्सलर.

थॉमस यांच्या वेळी हे काम दंगल आवरण्याचं होतं. कॉलेजं म्हणावीत अशी अजून जेमतेम उभी राहत होती. पोरं भाड्याच्या घरांत राहत, हत्यारं बाळगत आणि गट पाडून मारामाऱ्या करत. इंग्लंडच्या उत्तरेकडचे विरुद्ध दक्षिणेकडचे, हे वैर तर कायमचं. थॉमस यांनी गैरवापर झालेली शस्त्रं जप्त करायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडे चांगलं शस्त्रागार जमलं, असं सांगतात. कायद्याचा डॉक्टर, काउंटेसचा मुलगा, आणि खोलीत पोरांकडून काढून घेतलेल्या सुऱ्या-तलवारींचा ढीग! गरीब विद्यार्थ्यांना मात्र ते हात सैल सोडून मदत करत.

मग देशच दोन तटांत फाटला. सिमन डी माँटफर्ट याच्या नेतृत्वाखाली सरदारांनी राजा हेन्रीला सांगितलं की कारभार आमच्या सल्ल्याने कर. चुलते वॉल्टर माँटफर्टच्या बाजूचे, थॉमसही त्याच बाजूला. जानेवारी १२६४ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई याला पंच नेमलं गेलं तेव्हा आमियाँ शहरात सरदारांची बाजू मांडायला गेलेल्यांत थॉमस होते. लुईने निकाल हेन्रीच्या बाजूने दिला. एका राजाकडून दुसऱ्या राजाविरुद्ध निकाल मागणं मुळातच कठीण. सरदारांनी तो मानला नाही, लढाई झाली, मे महिन्यात लुइस गावापाशी राजा पकडला गेला. फेब्रुवारी १२६५ मध्ये थॉमस यांना राज्याचे चान्सलर नेमलं. हे पद विद्यापीठाच्या चान्सलरपेक्षा अगदी वेगळं. राजमुद्रा ज्याच्या ताब्यात तो हा चान्सलर. त्याने शिक्का मारल्याशिवाय राजाचा हुकूम बाहेर पडत नसे. पण ४ ऑगस्टला ईव्हशमच्या लढाईत माँटफर्ट मारला गेला आणि थॉमस यांची मुद्राही गेली. ते पॅरिसला निघून गेले आणि धर्मशास्त्राकडे वळले.

हरलेल्या पक्षातला माणूस पुढे संपतो. थॉमस संपले नाहीत. ऑक्सफर्डला परतून १२७३ मध्ये त्यांनी धर्मशास्त्राची डॉक्टरकी घेतली. त्या समारंभात रॉबर्ट किलवर्डबी, जे तोवर कँटरबरीचे आर्चबिशप झाले होते, त्यांनी जाहीर सांगितलं की या माणसाच्या हातून कधी घोर पाप घडलेलं नाही असं मी मानतो. त्याच सुमारास ते पुन्हा विद्यापीठाचे चान्सलर झाले, आणि जून १२७५ मध्ये हेरफर्डचे बिशप म्हणून निवडून आले. नवा राजा पहिला एडवर्ड. त्याच्या बापाविरुद्ध उभे राहिलेले थॉमस आता त्याचेच सल्लागार झाले.

हेरफर्ड वेल्सच्या सीमेवर आहे. आधीच्या धामधुमीत शेजारच्या सरदारांनी बिशपच्या जमिनी बळकावल्या होत्या, आणि थॉमस यांनी एकेक वसूल करायला घेतली. मोठा वाद ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर याच्याशी झाला. मॉल्व्हर्नच्या डोंगरावर शिकारीचा हक्क कुणाचा? अर्ल देशातल्या सर्वांत बलाढ्य सरदारांपैकी एक. निकाल बिशपच्या बाजूने लागला. डोंगराच्या माथ्यावरून जाणारी जुनी चर आजही दिसते. ती अर्लच्या हद्दीची खूण म्हणून तिकडे ओळखली जाते.

याच माणसाचं दुसरं रूप रस्त्यावर दिसे. बिशपच्या हातूनच होणारा एक संस्कार असतो, दृढीकरणाचा. बाप्तिस्मा गावचा धर्मगुरू देऊ शकतो, पण पुढे मुलाला चर्चमध्ये पक्कं करणारा हा विधी बिशपच करतो. आडगावातल्या मुलांना बिशप कुठे भेटणार? म्हणून थॉमस प्रवासातही गळ्यात विधीचा पट्टा घालूनच घोड्यावर बसत. वाटेत कुणी लेकरू घेऊन आलं की तिथेच उतरायचं आणि विधी उरकायचा. उंची झग्याच्या आत ते केसांचा खरखरीत सदरा घालत, शरीराला सुख लागू नये म्हणून. हे त्यांच्या चाकरांना ठाऊक होतं आणि चौकशीत त्यांनी ते सांगितलं.

त्याच चौकशीत स्तुती म्हणून सांगितलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचताना मला फार वाईट वाटतं. थॉमस ज्यूंचे कट्टर विरोधक होते. चांदी काढून घेण्यासाठी नाण्यांच्या कडा कातरण्याच्या प्रकरणांत राजा एका धर्मांतरित ज्यूला अधिकार देणार होता. त्याच्या शब्दावर ख्रिस्ती माणसांवर कारवाई होईल, या कल्पनेने थॉमस रडले आणि राजाची सल्लागार सभा सोडण्याची परवानगी मागू लागले. राजाने बेत सोडला. ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं नाहीतर देश सोडावा, हे त्यांचं मत होतं. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १२९० मध्ये, एडवर्डने सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं. गरीब विद्यार्थ्याला मदत करणारा आणि रस्त्यात लेकरासाठी घोड्यावरून उतरणारा हात त्याच माणसाचा होता. चौकशी करणाऱ्यांना यात काही विसंगत दिसलं नाही.

आता मुख्य भांडण. १२७९ मध्ये जॉन पेकम कँटरबरीचे आर्चबिशप झाले. ते फ्रान्सिस्कन साधू, अपरिग्रहाची शपथ घेतलेले. अनेक वतनं धरून बसलेल्यांवर त्यांनी हत्यार उपसलं. थॉमस यांच्याकडे परवानगी होती, पण दोघांचे सूर तिथेच बिघडले. खरा वाद मात्र हद्दीचा होता. त्या काळी मृत्युपत्र, लग्न, धर्मपदांचं उत्पन्न असे खटले चर्चच्या न्यायालयात चालत. पहिलं न्यायालय बिशपचं, त्यावर अपील आर्चबिशपच्या न्यायालयात. पेकम यांचं न्यायालय मात्र खालचं न्यायालय बाजूला सारून खटले परस्पर आपल्याकडे ओढून घेत होतं. जिल्हा न्यायालयात खटला चालू असताना हायकोर्टाने कुणीही यावं आणि सरळ आमच्याकडे दावा लावावा असं म्हटलं तर जिल्ह्याचे न्यायाधीश काय करतील? इतर बिशपही वैतागले होते. त्यांच्या तक्रारींची एकवीस कलमं तयार झाली, आणि पुढाकार घेणाऱ्यांत थॉमस होते. चर्चचा कायदा त्यांना पाठ होता.

ठिणगी एका मृत्युपत्राच्या खटल्यातून पडली. थॉमस यांच्या न्यायाधिकाऱ्याने आर्चबिशपच्या न्यायालयाचा हुकूम पाळला नाही. पेकम म्हणाले, तुमच्या त्या माणसाला वाळीत टाका. थॉमस यांनी नकार दिला. फेब्रुवारी १२८२ मध्ये लँबेथला दोघे समोरासमोर आले आणि पेकम यांनी थॉमस यांनाच वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण आपल्या गावांनी तो भोगला आहे आणि त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. चर्चचा बहिष्कार त्याच जातीचा. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना नाही, संस्कार नाहीत, इतरांनी जेवायला-बोलायला जवळ करायचं नाही, आणि त्या अवस्थेत मरण आलं तर चर्चच्या भूमीत दफन नाही. बिशपवर ही वेळ यावी हे फार मोठं होतं. वर दाद मागायला एकच जागा उरली होती, पोप. थॉमस तेव्हा साठीच्या पुढे होते. तब्येत चांगली नव्हती. तरी ते निघाले, आणि फ्रान्स ओलांडून इटलीत ओर्व्हिएतोला पोप चौथा मार्टिन याच्या दरबारात पोचले. दरबाराने त्यांना आदराने वागवलं. खटला निकालात निघायच्या आधीच, २५ ऑगस्ट १२८२ रोजी, ऐन उन्हाळ्यात फेरेंतो गावी त्यांना मरण आलं.

पुढचा भाग अंगावर येतो, पण तो त्या काळचा रूढ रिवाज होता. परदेशात मेलेल्या बड्या माणसाचं शरीर उन्हाळ्यात हजार मैल नेणं शक्य नसे. म्हणून ते पाण्यात उकळत, मांस हाडांपासून वेगळं करत, मांस तिथेच पुरत आणि हाडं मायदेशी नेत. थॉमस यांचं मांस ओर्व्हिएतोजवळच्या सान सेव्हेरो मठात पुरलं, हृदय इंग्लंडमध्ये अॅशरिजच्या मठात गेलं आणि हाडं हेरफर्डला. सतरा वर्षांनी, १२९९ मध्ये, पोप आठवा बॉनिफेस याने या रिवाजावर बंदी घातली.

पेकम अजून हटले नव्हते. वाळीत असलेल्याची हाडं चर्चमध्ये पुरू देणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. थॉमस यांच्या माणसांनी पोपच्या दरबारातून, त्यांना मरणापूर्वी दोषमुक्ती मिळाली होती अशी पत्रं आणली, तेव्हा कुठे हाडांना हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये जागा मिळाली. त्यांच्या जागी बिशप झाले रिचर्ड स्विनफील्ड, वर्षानुवर्षं त्यांच्याजवळ राहिलेले त्यांचे धर्मसेवक. धन्याच्या नावावरचा हा डाग पुसणं हे स्विनफील्ड यांनी आपलं काम मानलं. १२८७ च्या वसंतात त्यांनी हाडं कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या भागात नव्या दगडी थडग्यात हलवली. त्याच दिवसांत लोखंडाचा व्यापार करणाऱ्या रॉबर्टची बायको ईडिथ, जिला वेड लागलं होतं, तिला थडग्यापाशी आणलं आणि ती बरी झाली. बातमी पसरली, रीघ लागली.

लोक नवस कसा बोलत हे तपशिलात बघण्यासारखं आहे. आजारी माणसाचं डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्याने माप घ्यायचं, कधी रुंदीचंही. तो दोरा वात म्हणून वापरून मेणबत्ती बनवायची आणि ती संताच्या थडग्यावर लावायची. म्हणजे ज्याच्यासाठी नवस, तो माणूसच जणू त्या मेणबत्तीच्या रूपाने थडग्यापाशी पोचे. ज्याला इतका वेळ नव्हता तो चांदीची पेनी घेई, संताचं नाव घेऊन रोग्यावर धरून वाकवी. वाकलेलं नाणं बाजारात खर्चायचं नाही, ते आता संताचं.

बरं झालं की नवस फेडायला यायचं. हात बरा झाला तर मेणाचा हात, वादळातून जहाज वाचलं तर जहाज. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, पाळणे मांडून विकायला बसलेले ज्यांनी बघितले आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे हेरफर्ड लगेच उभं राहील. १३०७ मध्ये चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी थडग्याभोवतीच्या वस्तू चक्क मोजल्या. चांदीची जहाजं १७०, मेणाची ४१. माणसांच्या किंवा अवयवांच्या चांदीच्या प्रतिमा १२९, मेणाच्या १,४२४. पशुपक्ष्यांच्या ७७. कुबड्या १०८. पांगळ्यांनी सोडून दिलेले लाकडी गाडे ३. रात्री घालायचे अंगरखे ९७. मला या यादीत मेणाच्या दीड हजार मूर्तींपेक्षा त्या १०८ कुबड्या जास्त दिसत राहतात. त्या कुणीतरी रोज वापरलेल्या होत्या.

हे तीन अधिकारी म्हणजे फ्रान्समधल्या माँदचे बिशप विल्यम ड्युरँड, लंडनचे बिशप राल्फ बॉल्डॉक आणि पोपचा करवसुली अधिकारी विल्यम टेस्टा. कर गोळा करणारा माणूस चमत्कार तपासायला नेमला गेला, यावरून पोपचा दरबार या कामाकडे कसं बघत होता ते कळतं. बहिष्काराच्या प्रश्नावर त्यांनी थॉमस यांच्या बाजूने निष्कर्ष काढला, आणि मग चमत्कारांकडे वळले.

त्यांची पद्धत आजच्या कुठल्याही तपास अधिकाऱ्याला ओळखीची वाटेल. तू हे स्वतः पाहिलंस की ऐकलंस? किती वाजता, उजेड कसा होता? मेला आहे हे कशावरून ठरवलंस? औषध, जडीबुटी, मंत्र काही केलं होतं का? तुला कुणी पैसे दिले का? उत्तरं लेखनिकांनी लॅटिनमध्ये उतरवून घेतली, मूळ बोलणं इंग्रजी असो, फ्रेंच असो की वेल्श.

सर्वांत गाजलेली गोष्ट विल्यम क्राग याची. क्राग हे वेल्श टोपणनाव, अर्थ खवडा. दक्षिण वेल्समधल्या बंडात तो होता, आणि माणसं मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. १२९० च्या नोव्हेंबरात गावरचा सरदार विल्यम डी ब्रियोज याने स्वान्सी शहराबाहेर त्याला फाशी द्यायचं ठरवलं. नातेवाइकांनी शंभर गायी देऊ केल्या. सरदाराची बायको मेरी हिनेही दयेची विनंती केली. काही उपयोग झाला नाही. क्राग आणि त्याचा सोबती त्राहायर्न एकाच वेळी लटकले, तेव्हा आडवी तुळई मोडली. क्रागला पुन्हा लटकावलं. खाली उतरवलं तेव्हा तोंड काळं पडलेलं, जीभ बाहेर लोंबत होती, डोळे खोबणीतून आलेले, आणि मलमूत्र सुटलेलं. बघणाऱ्यांच्या लेखी मरणाची यापेक्षा पक्की खूण नव्हती.

प्रेत स्वान्सीतल्या एका घरात नेलं. तिकडे मेरीबाईंनी हेरफर्डच्या थॉमस यांची करुणा भाकली आणि एका दासीला त्याचं माप घ्यायला पाठवलं. दोरा धरला, मोजला. मग कुणाला तरी पाय हलल्यासारखा वाटला, पुढे श्वास. कित्येक दिवस त्याला दिसत नव्हतं, पातळ पदार्थांवर ठेवलं होतं. उभं राहता येऊ लागल्यावर तो हेरफर्डला चालत गेला, गळ्यात तोच फाशीचा दोर घालून. ज्याने फाशी दिली तो सरदारही बायकोसह त्याच यात्रेत होता.

आजचा वाचक म्हणेल, फाशीने मान मोडलीच नसेल. शक्य आहे. त्या काळची फाशी उंचावरून झटका देणारी नव्हती, गळा हळूहळू आवळणारी होती, आणि माणूस बेशुद्ध पडून जिवंत राहणं अशक्य नव्हतं. हा संशय अधिकाऱ्यांनाही आला होता. म्हणून तर मलमूत्राबद्दलही खोदून विचारलं. पण मला या प्रकरणात चमत्कारापेक्षा वेगळंच काही मोलाचं वाटतं. सतरा वर्षांनंतर नऊजण एकाच घटनेबद्दल बोलले, सरदारीण, तिचा सावत्र मुलगा, घरचा धर्मगुरू, गावकरी, आणि प्रत्येकाला वेगळं आठवत होतं. क्राग आता हयात नाही, असंही लंडनमध्ये सांगून झालं होतं. आणि नोव्हेंबर १३०७ मध्ये क्राग स्वतः हेरफर्डला अधिकाऱ्यांपुढे येऊन उभा राहिला. त्याला लॅटिन येत नव्हतं, फ्रेंच येत नव्हतं, इंग्रजीही नाही. दुभाषे बसवले आणि त्याने वेल्शमधून जबानी दिली. फाशी गेलेल्या बंडखोराचं स्वतःचं म्हणणं सातशे वर्षं टिकून राहावं, हे एरवी कुठल्या दफ्तराने केलं असतं?

असे आवाज त्या बाडात अनेक आहेत. कॉनवी किल्ल्याच्या आचाऱ्याचा रॉजर, दोन वर्षांचा, १३०३ मध्ये रात्री किल्ल्याच्या कोरड्या खंदकात पडला. सकाळी दगडावर गार पडलेला सापडला. एका नागरिकाने त्याच्या कपाळावर पेनी वाकवली. मार्डन गावात जोन नावाची पाच वर्षांची मुलगी दारूच्या गुत्त्याजवळच्या तळ्यात पडली. दुसऱ्या पोराने ढकललं होतं. मोठी माणसं आत पीत बसलेली. ज्यांना पाण्यात काही दिसलं, त्यांनी दुसऱ्याच कुणाचं मूल समजून गप्प राहणं पसंत केलं, कारण अचानक मृत्यू म्हटला की चौकशी आणि दंड गावाच्या मानगुटीवर बसे. शेवटी बापाने तिला बाहेर काढलं. दातखिळी सुरीने उघडावी लागली. दोऱ्याने माप घेतलं, आणि रात्र सरता सरता ती जिवंत असल्याचं कळलं. १३०७ मध्ये साक्ष द्यायला जोन स्वतः आली होती, लग्नाच्या वयाची होऊन. राजे आणि बिशप यांच्या इतिहासात एरवी या घरांचा दरवाजा उघडत नाही.

चौकशीचे कागद पोपकडे गेले आणि तिथे पडून राहिले. पोप पाचवा क्लेमेंट वारला, दोन वर्षं पोपची गादीच रिकामी राहिली. मग बावीसावा जॉन आला. तोवर दरबार फ्रान्समध्ये अॅव्हिन्यॉला होता. कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्या वरिष्ठ सल्लागारांनी, एकेक चमत्कार घेऊन शंका काढल्या. स्विनफील्ड १३१७ मध्ये वारले, निकाल त्यांना बघायला मिळाला नाही. १७ एप्रिल १३२० रोजी थॉमस यांना संत घोषित केलं, मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडने पोपशी नातं तोडलं आणि संतांची तीर्थस्थानं मोडली. थॉमस यांची हाडं विखुरली. काही अवशेष पुढे कॅथलिक घराण्यांनी आणि मठांनी जपले. १२८७ चं दगडी थडगं मात्र हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये त्याच जागी आहे. त्याच्या चारही बाजूंना दगडात कोरलेले चौदा शिपाई शोक करत बसले आहेत, चिलखत आणि तलवारीसकट. वरच्या दगडावर बिशपची पितळी आकृती बसवलेली होती. ती कधीच काढून नेली गेली. आता तिच्या आकाराची खाच तेवढी आहे.